आमच्या गावाची नोंदवही आम्ही पुन्हा लिहिली

प्रत्येक ग्रामपंचायतीत एक लोक जैवविविधता नोंदवही असली पाहिजे, असं 2002चा जैविक विविधता कायदा आणि त्याखालचे नियम सांगतात. गावातली झाडं, पिकं, गुरं, मासे, पाखरं, औषधी वनस्पती आणि त्यांच्याबद्दल लोकांना जे जे ठाऊक आहे ते सगळं गावानंच लिहून काढायचं. कलम 41खाली ग्रामपंचायतीनं जैवविविधता व्यवस्थापन समिती नेमायची आणि हे काम त्या समितीनं करायचं. कल्पना कायद्याहून जुनी आहे. परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1990च्या दशकात देशात ठिकठिकाणी लोकांबरोबर बसून अशा नोंदवह्या तयार केल्या होत्या.

संगमेश्वर तालुक्यातल्या आमच्या गावातही नोंदवही होती. ग्रामपंचायतीच्या लोखंडी कपाटात, स्पायरल बांधणीची, गुळगुळीत मुखपृष्ठाची. 2019 साली पर्यावरणाचे खटले चालवणाऱ्या राष्ट्रीय हरित लवादानं सगळ्या राज्यांना बजावलं होतं की 31 जानेवारी 2020पर्यंत नोंदवह्या पुऱ्या करा, नाहीतर महिन्याला 10 लाख रुपये भरा. त्या घाईत बऱ्याच गावांत हे काम बाहेरच्या संस्थांनी उरकलं, आमच्याकडेही तसंच झालं. मी समितीवर आले आणि ती वही उघडली. माशांच्या पानावर रोहू आणि कटला होते. आमच्या ओढ्यात ते कुणी कधी पाहिलेले नाहीत. आमच्या देवराईतला सुरमाड नव्हता, गारंबीचा वेल नव्हता. पिकांत नाचणी होती, पण लाल तांदूळ नव्हता. ‘माहिती देणारे’ या रकान्यात पानोपानी तीच दोन-तीन नावं होती, सगळी पुरुषांची.

मी शेजारच्या गावातल्या माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. या गावात लग्न होऊन आले त्याला बरीच वर्षं झाली. समितीत एक तृतीयांश बायका हव्यात आणि अनुसूचित जाती-जमातींचे सदस्य हवेत, असा नियम आहे, म्हणून माझं आणि कातकरीवाडीतल्या एका तरुणाचं नाव त्यात आलं. नोंदवही पुन्हा लिहायची, हे आम्ही दोघांनी समितीत मांडलं. कुणी विरोध केला नाही. कुणाला त्यात रस होता असंही नाही.

पहिली बैठक देवळाच्या सभामंडपात घेतली. हातात छापील तक्ते होते: स्थानिक नाव, शास्त्रीय नाव, कुठे आढळतं, पूर्वी किती होतं, आता किती आहे, उपयोग. पुरुष मंडळींनी भराभर नावं सांगितली. ऐन, किंजळ, नाणा, शिवण, असाणा. उपयोगाच्या रकान्यात खाली खाली ‘इमारती लाकूड, सरपण’ एवढंच उतरत गेलं. बायका मागच्या खांबाला टेकून बसल्या होत्या. त्यांना विचारलं की त्या हसायच्या आणि म्हणायच्या, आम्हाला काय ठाऊक. तास-दीड तासात तक्ता भरला, आणि त्या तक्त्यावर कोकणातल्या कुठल्याही गावाचं नाव घातलं असतं तरी चाललं असतं.

मग आम्ही तक्ते बाजूला ठेवले आणि घरोघरी बसायला लागलो. मागच्या पडवीत, चुलीपाशी, तांदूळ निवडताना. मे महिना सरत आला होता, एक-दोन वळीव पडून गेले होते, त्यामुळे बोलणं आपोआप शेवळांवर आलं. ज्यांनी शेवळं पाहिली नाहीत त्यांच्यासाठी सांगते. पावसाच्या तोंडावर, झाडाझुडपांखाली, पान यायच्या आधी जमिनीतून थेट फुलाचा कोंब वर येतो, जांभळट तांबूस, टोकदार. पान नंतर येतं. कोंबाचा तो लांब गर भाजीला घ्यायचा, पण आतला पिवळा भाग खुडून टाकायचा, नाहीतर घसा खाजून जीव नकोसा होतो. त्यावर उतारा म्हणून काकडं घालायची. ही काकडं म्हणजे काकड नावाच्या रानझाडाची आंबट हिरवी फळं, आणि ती बरोबर त्याच दिवसांत धरतात. एका भाजीसाठी रानातल्या दोन जागा ठाऊक असाव्या लागतात, आणि दोन्ही वेळेवर.

आमच्या वाडीतल्या एका काकींबरोबर मी शेवळं काढायला गेले. कडेला एका करवंदीच्या जाळीखाली एकाच ठिकाणी पुष्कळ कोंब होते. काकींनी त्यातले निम्मेही खुडले नाहीत. मी पुढचा कोंब धरला तर माझा हात बाजूला केला. “एका जागचं सगळं नाय खुडायचं गो. उभी राहू देत थोडी. सगळी तूच खाल्लीस तर बी कोण धरणार?” पुढे गेल्यावर त्यांनी आणखी एक जागा दाखवली आणि म्हणाल्या, हे अमक्यांच्या घरचं, ती येते इथं, आपण नाही घ्यायचं. जमीन त्या घरची नव्हती. गावाचं रान होतं, पण त्या कोपऱ्यातली शेवळं पिढ्यान्‌पिढ्या त्या घरातल्या बायका काढत आल्या आहेत, हे सगळ्या बायकांना ठाऊक होतं आणि सगळ्या पाळत होत्या.

घरी येऊन मी तक्ता उघडला. शेवळाचं शास्त्रीय नाव लिहिता येत होतं, ठिकाण लिहिता येत होतं, उपयोगात ‘भाजी’ लिहिता येत होतं. काकींनी माझा हात बाजूला केला ते लिहायला जागा नव्हती. त्या रात्री मी पेन घेऊन प्रत्येक पानाच्या उजव्या कडेला एक रेघ मारली आणि वर लिहिलं: घ्यायचं कधी, किती, कसं आणि कुणाला विचारून. पुढची सगळी नोंदवही खरं तर त्या एका रकान्याची झाली.

शाळेत मी दर वर्षी 5 जूनला पर्यावरण दिन साजरा करते. फलक लिहितो, रोपं लावतो, मुलं भाषणं करतात. त्या सगळ्यात निसर्ग आपल्यापासून लांब कुठेतरी असतो आणि आपण त्याच्यावर माया करायची असते. इथे मात्र ज्यांचा रोजचा हात रानात होता त्यांनाच तो कुठे थांबवायचा ते माहीत होतं. आणि ज्या घरांतून कुणी रानात जायचं बंद झालं होतं, त्या घरांत हा रकाना पूर्ण कोरा राहत होता. तरुण सुना म्हणायच्या, आमच्या सासूबाईंना ठाऊक होतं. टाकळा आणि कुर्डू सगळ्यांना ओळखता यायचा, फोडशी बऱ्याच जणींना, पण भारंगीचा पाला कुठल्या वयाचा घ्यायचा हे सांगणाऱ्या थोड्याच उरल्या होत्या. मला वाटतं, माणूस रानापासून तुटतो तेव्हा झाडाच्या नावाआधी हे नियम हरवतात. नावं पुस्तकात सापडतात तरी.

कातकरीवाडीची गोष्ट वेगळी लिहायला हवी. कातकरी ही महाराष्ट्रातल्या तीन विशेष असुरक्षित आदिवासी जमातींपैकी एक. गावाच्या कडेला त्यांची वाडी आहे, आणि ओढ्याबद्दल, कंदांबद्दल, किरवींबद्दल, म्हणजे ओढ्यातल्या खेकड्यांबद्दल, त्यांच्याएवढं गावात कुणालाच ठाऊक नाही. तरी जुन्या नोंदवहीत त्यांचा एक शब्द नव्हता. कारण अगदी साधं होतं. दिवाळी झाली की वाडी रिकामी होते. माणसं कोळशाच्या आणि विटांच्या भट्ट्यांवर जातात, पाऊस जवळ आला की परततात. नोंदवहीचं काम झालं थंडीत, सरकारी मुदतीप्रमाणे. म्हणजे ज्यांना सगळ्यांत जास्त माहीत ते गावातच नव्हते. आम्ही ठरवलं की ओढ्याची पानं फक्त पावसाळ्यात लिहायची, मग कितीही वेळ लागो.

वाडीतल्या एका आजींनी आम्हाला ओढा दाखवला. समितीतल्या तरुणाच्या त्या चुलत आजी. पहिला जोराचा पाऊस पडून ओढा गढूळ झाला की खालच्या नदीतून मासे वर चढतात, थेट भातखाचरांपर्यंत. अंड्यांनी भरलेले असतात. कोकणात या चढणीच्या माशांची सगळे वाट पाहतात. आजींनी एकेका माशाची चढायची पाळी सांगितली, मळ्या कधी, शिंगटी कधी, वाम कुठल्या दगडात बसते. मग त्यांनी मासे धरायचा बांध दाखवला. ओढ्यात दगड रचून पाणी अडवायचं, मधे बांबूच्या कामट्यांचा सापळा लावायचा. पण बांध एका काठाला लागला नव्हता, तिथं दीड-दोन हात रुंद वाट मोकळी होती. मला वाटलं दगड कमी पडले. मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, “ती त्यांची वाट, बाई. सगळं बंद केलं तर पुढल्या साली कोण येणार चढून?”

कंद काढतानाही तेच. करांद्याचा वेल पावसाळ्यानंतर वाळतो, त्याची वाळकी दोरी धरून कंद शोधायचा, खणायचा, आणि वेलाकडचा वरचा तुकडा तोडून परत त्याच खड्ड्यात पुरायचा. कडू कंद असेल तर चकत्या करून राखेत उकडायच्या आणि रात्रभर वाहत्या पाण्यात ठेवायच्या. हे सगळं आजी सांगत होत्या आणि त्यांचा नातू लिहीत होता, कारण त्यांचे अर्धे शब्द मला कळत नव्हते. नोंदवहीत ती पानं त्याच्या अक्षरात आहेत, त्यांच्या भाषेत, आणि तशीच ठेवली आहेत.

त्याच दिवशी आजींनी दुसरंही दाखवलं. ओढ्याच्या वरच्या वळणावर पाण्यात ब्लिचिंग पावडर टाकून मासे मारले होते. कडेला बोटाएवढी पिल्लं मरून पडली होती, किरवी उलट्या पडल्या होत्या, आणि उग्र वास येत होता. रात्री गाडी घेऊन येणारे लोक असतात. कुणी पावडर टाकतं, कुणी बॅटरी लावून पाण्यात करंट सोडतं. मोठे मासे पोत्यात जातात, बाकी तिथंच. ते पाहून मला इतका राग आला होता की त्या दिवसाचं पान मी घरी येऊन पुन्हा लिहिलं, पहिलं वाचण्यासारखं नव्हतं.

औषधांच्या पानांवर आम्ही अडलो. गावात कावीळ उतरवणारे एक वयस्कर अण्णा आहेत, लांबून लोक येतात त्यांच्याकडे. ते प्रेमानं बोलले, चहा दिला, पण झाडपाल्याचं नाव सांगायला तयार नव्हते. नाव उघड केलं की औषधाचा गुण जातो, हे एक कारण. दुसरं त्यांनी हळूच सांगितलं: लिहून ठेवलंत की कुणीतरी नेणार, बाटलीत भरणार. मी त्यांना हळदीची हकिगत सांगितली. अमेरिकेत 1995 साली जखमेवर हळद लावण्याचं पेटंट दिलं गेलं होतं, आपल्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेनं जुने लेखी पुरावे देऊन ते 1997 साली रद्द करवलं, तेव्हा रघुनाथ माशेलकर परिषदेचे प्रमुख होते. म्हणजे लिहिलेलं असणं कामी आलं. शिवाय व्यापारासाठी कुणी गावातलं काही नेणार असेल तर शुल्क आकारायचा अधिकार कायद्यानं समितीला दिला आहे. अण्णांनी सगळं नीट ऐकलं आणि नाही म्हणाले. त्यांचं बरोबर आहे असं मला वाटतं. ज्ञान त्यांचं, ते कुणाला आणि कधी द्यायचं हेही त्यांचं. आम्ही त्या ओळीत लिहिलं: माहिती आहे, देणाऱ्याची इच्छा नाही. तालुक्याच्या बैठकीत त्या ओळीवर हरकत आली, रकाना कोरा ठेवता येत नाही म्हणून. आम्ही ती ओळ बदलली नाही.

देवराईचं पान लिहायला गुरवांना बरोबर घेतलं. चार-पाच एकरांची राई, चपला बाहेर काढून आत जायचं. उन्हाळ्यात बाहेर उघड्या माळावर पाय भाजत असतात आणि आत पाऊल टाकलं की पातेऱ्याखाली ओल लागते. बेहडे, सातवीण, बकुळ, सुरमाड, आणि सगळ्यांना बांधून टाकणारी गारंबी, हात-हातभर लांब शेंगांची. राईच्या पोटातून निघणारा झरा बाराही महिने वाहतो आणि दोन वाड्यांचं पिण्याचं पाणी त्याच्यावर आहे. पश्चिम घाटातल्या अशा देवरायांचा अभ्यास वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी 1970च्या दशकातच केला होता, त्यामुळे राई का महत्त्वाची हे आता कुणाला नव्यानं सांगायला नको.

आमच्या रकान्यात मात्र पुष्कळ काही आलं. राईतलं पडलेलं लाकूडही घरी न्यायचं नाही, ते तिथंच कुजतं. शिमग्याच्या होमापुरतं घेतात. बाकी काही हवं असेल तर कौल लावायचा: पाषाणाला ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, गाऱ्हाणं घालायचं, आणि उजवी पाकळी पडली तर होकार. मी विज्ञान शिकवते, पाकळी का पडते हे मला माहीत आहे. तरीही एक झाड हवं असताना गावासमोर उभं राहून मोठ्यानं ते मागावं लागणं आणि नकार मिळू शकतो हे आधीच मान्य करणं, याचं मोल मला कळतं. राईबाहेर असं कुठेच नाही. रत्नागिरी जिल्ह्यात सरकारी वन फार थोडं, बहुतेक रान खाजगी मालकीचं. मालकाला पैशाची गरज पडली की ठेकेदार उभं रान विकत घेतो, कटर लागतो, आणि आठवड्यात डोंगर उघडा पडतो. 1964चा झाडं तोडण्यावर नियंत्रणाचा कायदा आहे, काही जातींना परवानगी लागते, पण ओढ्याला, वाडीला, पाखरांना कुणी विचारत नाही.

सगळेच जुने नियम जपावेत असं माझं म्हणणं नाही. पाळीच्या दिवसांत बाईनं राईत पाय ठेवायचा नाही, हाही नियम आहे. तो नोंदवहीत आहे, कारण तो गावात आहे. पण ‘पुढे चालू ठेवायचे’ या यादीत तो मी घालू दिला नाही. त्यावर समितीत वाद झाला आणि माझ्या बाजूनं ज्या दोन बायका पहिल्यांदा बोलल्या त्या सभामंडपात खांबाला टेकून बसणाऱ्यांपैकीच होत्या.

राईचा सातबारा काढला तेव्हा जमीन देवाच्या नावावर निघाली. आपल्या कायद्यात देव ही व्यक्ती धरली जाते, तिच्या नावावर मालमत्ता असू शकते, आणि तिच्या वतीनं कुणीतरी पालकासारखं वागायचं असतं. न्यूझीलंडमध्ये 2017 साली व्हांगानुई नदीला कायद्यानं व्यक्तीचा दर्जा दिला, तिच्या वतीनं बोलायला माणसं नेमली, तेव्हा जगभर त्याची चर्चा झाली. आमच्या गावात एका राईचा मालक पिढ्यांपासून माणूस नाही, आणि ही गोष्ट तलाठ्याच्या दप्तरात आहे. प्रश्न एवढाच की पालक कोण आणि तो कुणाच्या हिताचं बघतो.

हा प्रश्न लगेचच पुढ्यात आला. मुंबई मंडळानं देवळाच्या जीर्णोद्धाराचा नकाशा पाठवला. चाकरमान्यांचा गावावर जीव आहे, दर गणपतीत, शिमग्यात ते येतात, वर्गणी तेच गोळा करतात. नव्या नकाशात मोठा काँक्रीटचा मंडप होता, पेव्हर ब्लॉकचं अंगण होतं, आणि त्यासाठी राईच्या या बाजूची झाडं जाणार होती. त्यांत एक जुना बेहडा होता. त्या बेहड्याच्या उंच ढोलीत ककणेराचं घरटं आहे. पुस्तकात ज्याला धनेश म्हणतात तो. मादी ढोलीत शिरून तोंड लिंपून घेते, एक फट ठेवते, आणि नर त्या फटीतून तिला आणि पुढे पिल्लांना भरवत राहतो. माझ्या वर्गातल्या मुलांनी फेब्रुवारीपासून लांबून बसून त्याची नोंद ठेवली होती. नर फांदीवर उतरायचा, मान झटकायचा आणि घशातून एकेक उंबर चोचीच्या टोकाशी आणून फटीत द्यायचा. कधी पंधरा-वीस फळं एका खेपेत. मुलं पुटपुटत मोजायची. ती पानं, मुलांच्या अक्षरातली, चित्रांसकट, आम्ही नोंदवहीत लावली होती.

मंडळाच्या बैठकीत मी तीच पानं वाचली. काही जण वैतागले. एक जाणते काका म्हणाले, पाखराला दुसरं झाड मिळेल, देवाला दुसरं देऊळ आहे का? मी म्हटलं, काका, अशी ढोली पडायला झाडाला आपल्या पणजोबांचं वय लागतं, आणि आजूबाजूची तशी झाडं तुटली म्हणून तो आपल्याकडे उरलाय. कुणीतरी कौल लावा म्हणालं. तेव्हा गुरव म्हणाले, “ज्याचं उत्तर आपल्याला ठाऊक आहे ते देवाला विचारू नये.” त्यानंतर बराच वेळ आवाज चढत राहिले. शेवटी मंडळातल्याच एका इंजिनिअर मुलानं नकाशा फिरवला, मंडप आखूड केला. बेहडा राहिला. दोन किंजळ आणि एक रायवळ आंबा गेला, आणि अंगणात ब्लॉक बसलेच. आंब्याचं मला अजून वाईट वाटतं. त्याची कैरी लोणच्याला उत्तम होती आणि ती जात आमच्या वाडीत दुसरी नाही. तोडायच्या आधी तिच्या डहाळ्या घेऊन गावातल्या एका माळीकाम जाणणाऱ्या दादांनी कलमं बांधली, त्यातली काही जगली आहेत.

वानरं-माकडांशिवाय आमची नोंदवही खोटी ठरली असती. प्राण्यांची पानं वाचून दाखवली त्या ग्रामसभेत एक शेतकरी भाऊ उठून उभे राहिले. “वानरांचं नाव कशाला मानानं लिहिता? त्यांनी मला नाचणी सोडायला लावली. डुकरांनी भात. ते पण लिहा.” लोकांनी टाळ्या वाजवल्या. निसर्गाशी नातं म्हटलं की लोक गोड बोलतात, पण ज्याच्या माडावरचे नारळ वानर पाडतं त्याचंही ते नातंच आहे, आणि ते भांडणाचं आहे. आम्ही वाडीवार त्रासाची पानं सुरू केली: कुठलं जनावर, कुठल्या महिन्यात, कुठल्या पिकावर, राखण कोण करायचं, आता का करत नाही. ही पानं सगळ्यांत जाड झाली. बोलता बोलता दोन मतं पुढे आली. एक म्हणजे वरचं रान तुटलं, खायला उरलं नाही, म्हणून खाली उतरले. दुसरं म्हणजे वरकस, म्हणजे डोंगरउताराच्या, जमिनी पडीक पडल्या, झुडपं घरापर्यंत आली, आणि डुकरांना लपायला जागा झाली. दोन्ही आमच्या गावात एकाच वेळी खरी आहेत. उपाय आम्हाला सापडलेला नाही. एका वाडीनं पाळीपाळीनं राखणीला पुन्हा सुरुवात केली आहे, तेवढीच नाचणी तिथं परत दिसते.

नोंदवही ग्रामसभेत मंजूर झाली तेव्हा त्याबरोबर एक ठरावही केला. ओढ्यात ब्लिचिंग आणि करंटला पूर्ण बंदी. वरच्या डोहात मासेमारी नाही. पहिल्या चढणीला कुणीही ओढा आडवा पूर्ण बंद करायचा नाही, एका काठाला वाट मोकळी ठेवायची. डोह राखण्याची रीत नवी नाही. पालघर जिल्ह्यात तिळशाला वैतरणेच्या पात्रात देवाचे मासे म्हणून महासीर राखले गेले आहेत. आमच्या ठरावाचा मसुदा वाचल्यावर कातकरीवाडीतून प्रश्न आला: बंदी घातली की पहिले पकडले जाणार आम्ही, गाडीवाले नाही, हो ना? हा प्रश्न योग्य होता. म्हणून ठरावात आणखी एक वाक्य घातलं की घरी खाण्यापुरते मासे धरण्याचा वाडीचा हक्क कायम, आणि राखण करणाऱ्यांत वाडीतले दोघं असतील, ग्रामपंचायतीच्या निधीतून मानधनावर. मानधनाची रक्कम ठरवताना ग्रामसभा जितकी लांबली तितकी बाकी कशासाठीही लांबली नाही.

पहिल्या पावसाळ्यात ठराव मोडला गेला. रात्री गाडी आली होती, सकाळी पाणी पांढरट होतं. दुसऱ्या वेळी राखणदारांनी गाडी अडवली, गाव गोळा झालं, पावडरीच्या पिशव्या जप्त केल्या आणि पोलिसांत कळवलं. त्यानंतर आमच्या हद्दीत तसं काही दिसलेलं नाही. पण ओढा आमच्या गावात उगवत नाही. वरच्या गावाच्या हद्दीत कुणी पावडर टाकली की ती दुपारपर्यंत आमच्या डोहात येते.

म्हणून आता वरच्या गावाशी बोलणं चालू आहे. त्यांच्या कपाटातली नोंदवही आमच्या जुन्या वहीसारखीच निघाली, रोहू-कटल्यासकट. त्यांचे सरपंच तयार आहेत. त्यांनी आजींना सभेत येऊन बांधातली वाट समजावून सांगायला बोलावलं. आजींनी अट घातली की मी एकटी येणार नाही, तुमच्या हद्दीत आमच्या लोकांची वाडी आहे, त्यांना आधी बोलवा, ते सांगतील, मी बाजूला बसेन. ती वाडी सध्या भट्ट्यांवर गेली आहे आणि अक्षय्य तृतीयेच्या सुमाराला परतते. सभा त्यानंतरच्या रविवारी ठेवली आहे.